हुशार गाडी

अजिनाथच्या नव्या गाडीत टीव्हीएवढा पडदा होता. ती मिरवावी म्हणून तो सासऱ्यांना, छगनरावांना, सोनईहून सुप्याला सोडायला हौसेने निघाला. वाटेत गाडीच जास्त बोलत होती. पुढे वळण आहे, वेग जास्त आहे. मधेच तिने भावकीच्या ग्रुपवरची भांडणंही वाचून दाखवली. अजिनाथ पडद्यावर बोट टेकवून एकेकाला उत्तर देत होता.

"लई गार लागतंय, जावईबापू. एसी जरा कमी करा," छगनराव म्हणाले.

जुन्या गाडीत त्याला साधं बटन होतं. इथे अजिनाथ पडद्यावर शोधू लागला. आधी रेडिओ लागला, मग नकाशा उघडला, आणि तेवढ्यात गाडी रस्ता सोडून कांद्याच्या ओल्या वाफ्यात जाऊन रुतली. कुणाला लागलं नाही.

"तुम्ही थकलेले दिसता. थोडी विश्रांती घ्या," गाडी शांतपणे म्हणाली.

"हिला सगळं दिसतंय. तुमाला तेवढा रस्ता दिसंना," म्हणत छगनराव उतरले आणि त्यांनी एसटीला हात केला.

ट्रॅक्टरने ओढून काढलेली गाडी घेऊन अजिनाथ घरी आला. गावात त्याने सांगितलं, "गाडी फार हुशार हाय. रस्ताच अडाणी निघाला."