कोणता काल?

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार आहे. भवानीपूरच्या एका आवारात उभी आहे. टपावर कावळे बसतात, येणारे-जाणारे मला भंगार म्हणतात. म्हणू देत. पण एका बाईनं मला आपटलं असं जे सांगतात, ते साफ खोटं आहे.

माझा जन्म विलायतेतला. १९४८ साली लाकडी खोक्यातून मी खिदिरपूरच्या गोदीत उतरले आणि गोदीच्या कचेरीतले अधिकारी विनायकराव यांनी मला घेतलं. तेव्हा माझे लाड काय विचारता! रोज फडकं, रविवारी मैदानावर फेरी, दसऱ्याला झेंडूची माळ. विनायकरावांच्या पत्नी कालिंदीबाई नवऱ्याकडूनच गाडी शिकल्या आणि त्याच्याहून चांगली चालवू लागल्या. गिअर टाकताना विनायकराव माझे दात खिळखिळे करत. कालिंदीबाईंच्या हाताखाली मी कधी कुरकुरले नाही.

माझी दुरुस्ती शरच्चंद्र मिस्त्रीकडे असे. "शरत म्हणजे घरचा माणूस," असं विनायकराव म्हणत. तो गणपतीला जेवायला येई, कालिंदीबाईंना 'बौदी', म्हणजे बंगालीत वहिनी, म्हणे. हात चांगला होता त्याचा, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या भरवशावर विनायकरावांनी माझ्याखाली वाकून बघणंच सोडलं. त्याला भरवसा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

एका वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर माझ्या ब्रेकच्या तेलाची रबरी नळी चिरली. शरतकडे गाड्यांची रांग, आणि नवी नळी हाताशी नाही. त्यानं चिरलेल्या नळीवर चिंधी गुंडाळली, वर तार आवळली आणि मला हवाली केलं. माझं इंजिन धडधडत होतं. तो खिडकीशी वाकून जे बोलला, त्यातलं "पाइप" आणि "काल" एवढंच विनायकरावांच्या कानात शिरलं. म्हणजे नळी काल बदलली! खूश होऊन ते निघाले.

दुसऱ्या दिवशी खिदिरपूरच्या पुलाच्या उतारावर कालिंदीबाईंनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. चिंधी सुटली होती, तेल रस्त्यावर सांडत होतं, आणि समोर केळ्यांची हातगाडी. बाईंनी हातब्रेक ओढला, चाक फिरवलं आणि मला कडेच्या वाळूच्या ढिगात घातलं. माझा एक दिवा फुटला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

शाबासकी मिळायला हवी होती. मिळालं काय? शरत आला, वरवर पाहून म्हणाला, "ब्रेक ठीक था, साहेब. बौदी घबरा गयी."

शेजारचे श्यामराव लगेच म्हणाले, "वहिनी, लाटणं वेगळं नि स्टिअरिंग वेगळं हो!"

सगळे हसले. विनायकरावही हसले, आणि माझी किल्ली त्यांनी आपल्या खिशात टाकली.

"मी ब्रेक दाबला होता," कालिंदीबाई म्हणाल्या.

"अगं, शरत खोटं बोलेल का?"

"आणि मी बोलेन?"

विनायकरावांनी खिशातली किल्ली चाचपली. बाईंनी पुन्हा विचारलं, "गाडी देताना तो नेमकं काय म्हणाला?"

"नळी काल बदलली म्हणाला."

"बदलली म्हणाला, की नुसतं काल?"

"नुसतं... काल."

"अहो, कचेरीतल्या इंग्रजीतून कधीतरी बाहेर या! दहीवाला मला 'काल देबो' म्हणतो, तेव्हा दही उद्या मिळतं. इथं बंगालीत काल म्हणजे उद्यासुद्धा."

मी शरतच्या वर्कशॉपात दिवा बसवून घेत उभी होते. दोघं तिथे आले. बाईंनी सरळ विचारलं, "शरतदा, कोणता काल? गत काल, की आगामी काल?"

शरत हातातला पाना पुसत राहिला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आगामी काल, बौदी."

"मग गाडी त्याच दिवशी का दिलीत?"

"मना करता तो साहेब दूसरे के पास जाते."

"आणि माझं नाव पुढे केलंत!"

विनायकराव तापून म्हणाले, "चल, दुसरा मिस्त्री बघू."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "नळी हेच बदलतील, माझ्या डोळ्यांसमोर. आणि पहिली फेरी माझ्या शेजारी बसून करतील. त्याच पुलावरून."

नवी नळी बसली. बाईंनी खाली वाकून ती स्वतः पाहिली. मग निघालो. शरत दाराची कडी घट्ट धरून पुढे बसला, विनायकराव मुकाट्यानं मागे. उतारावर बाईंनी ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले. शरतनं कडी सोडली. घरी परतल्यावर त्यानं श्यामरावांना तोंडावर सांगितलं, "दोष आमार. बौदीर नय." दोष माझा, वहिनींचा नाही.

"हो का?" म्हणाले श्यामराव, आणि पुढच्या रविवारी तोच लाटण्याचा विनोद पुन्हा सांगितला. माझी किल्ली मात्र त्या दिवसापासून कालिंदीबाईंच्या पदराला राहिली.

आता माझ्या नळ्या सुकल्या आहेत, आसनांतला काथ्या बाहेर आला आहे. मित्रांनो, तुमच्या गाडीला तेल द्या, पाणी द्या, फडकं मारा. पण तेवढ्यानं भागत नाही. खाली वाकून बघा. आणि ब्रेक लागला नाही असं कुणी बाई म्हणाली, तर हसण्याआधी नळी तपासा.