चार बाइटांत चार तास

मी बोलतोय, सॉफ्टवेअरच्या पोटातला एक लहानसा तुकडा. मला कोणी बोलायला सांगितलेलं नाही, पण आता गप्प बसवत नाही.

माझं काम साधं. एखादी गोष्ट किती वेळ चालली, तो कालावधी घ्यायचा, बाइट नावाच्या इवल्या खणांत बसवायचा आणि पलीकडे पाठवायचा. पलीकडे माझाच दुसरा अर्धा भाग ते खण उघडून तेवढाच वेळ बाहेर काढतो. आत गेलं तेच बाहेर यायला हवं. माझी अब्रू ती एवढीच.

मला लिहिलं एका बाईने. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात. किडनीच्या रुग्णांचं रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी मी जन्मलो. तिथे सेकंदाचे दहा लाख भाग करून वेळ मोजतात, म्हणून तिने मला ऐसपैस आठ बाइट दिले. शिवाय एक ओळ लिहिली: आकडा मावला नाही, तर थांब आणि तसं सांग.

ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या साहेबांना माझ्यात उधळपट्टी दिसू लागली. नोंदी वाढल्या होत्या, जागा पुरत नव्हती. त्यांनी चाळून पाहिलं, तर बहुतेक कालावधी सेकंद-दोन सेकंदांचे. अलार्म किती वाजला, दाब तपासायला किती वेळ लागला, असले. म्हणाले, चार बाइट पुष्कळ झाले. ‘बहुतेक’ या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

नवा बदल आधी एका दवाखान्यातल्या एकाच खोलीत चढवला. पहिल्याच दिवशी मी अडलो. रुग्ण यंत्रावर चार तास असतो. तेवढा वेळ चार बाइटांत मावेना; तिथे जेमतेम एकाहत्तर मिनिटं बसतात. मी तसं सांगितलं. रिपोर्ट थांबले, फोन खणखणू लागले. साहेबांनी मला जागा वाढवून दिली नाही. त्यांनी ताईची ती ओळच उडवली. बोलतो म्हणून माझं तोंड शिवलं.

मग गाडीच्या मीटरसारखं झालं. सगळे नऊ भरले की मीटर पुन्हा शून्यावर येतो, तसा माझा आकडा भरायचा, शून्यावर यायचा, परत भरायचा. शेवटी उरेल तेवढंच पलीकडे जायचं. चार तासांची झाली पंचवीस मिनिटं.

त्या खोलीत एकच सिस्टर होती. पेशंटशी गप्पा मारत सुई अशी टोचायची, की त्यांतले शिंपीकाका म्हणायचे, टोचली कधी तेच कळत नाही. नेमकी त्याच आठवड्यात शिंपीकाकांची तब्येत बिघडली. मोठ्या डॉक्टरांनी नोंदी काढल्या आणि पंचवीस मिनिटं पाहून हादरले. सिस्टर पेशंटना लवकर उठवते, असा अर्थ त्यांनी लावला.

माझा पलीकडचा भाग त्याच खोलीतल्या संगणकात होता. सगळं माझ्यासमोर घडलं.

“सिस्टर, मशीन खोटं कशाला बोलेल?” डॉक्टर म्हणाले.

“मग मी बोलतेय का?”

त्यांनी पडद्यावरच्या पंचवीस मिनिटांवर बोट ठेवलं. शिंपीकाका पडल्या पडल्या सांगत होते, की आम्ही पूर्ण वेळ इथेच असतो. त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही झोपलेले असता, तुम्हाला वेळेचं काय कळणार. सिस्टरला घरी पाठवलं. मी आतून जळत राहिलो; तोंड शिवलेलं.

ताई रजेवरून परतली, तेव्हा सिस्टरने पाठवलेली तक्रार तिच्यासमोर आली. तिने माझ्यात चार तास घालून पाहिले. पंचवीस मिनिटं बाहेर आली तशी ती उठली आणि थेट साहेबांकडे गेली. ते म्हणाले, सिस्टिमची चूक झाली, होतं असं.

“सिस्टिमने नाही, तुम्ही ओळ काढलीत,” ताई म्हणाली. “दवाखान्याला तुम्ही सांगता, की मी सांगू?”

साहेबांनी ‘तांत्रिक अडचण’ असं कळवलं. मग ताईनेच फोन करून खरं काय ते सांगितलं.

सिस्टर आली, पण कपाटातले आपले बूट न्यायला. झालं गेलं विसरून जा, असं डॉक्टर म्हणाले. बूट पिशवीत घालत ती म्हणाली, “खोलीत चार पेशंट होते. एकाचं तरी ऐकायचं होतंत.” मग दुसरीकडे कामाला लागली. शिंपीकाका हल्ली सुई टोचून घेताना भिंतीकडे तोंड करतात.

मला आठ बाइट परत मिळाले, ती ओळही मिळाली. सिस्टर मात्र गेली ती गेलीच. तेव्हा हात जोडून नाही, रागानेच सांगतो: माझा आकडा आणि समोरच्या माणसाचं म्हणणं जुळलं नाही, तर आधी मला उघडून बघा.

काही मावलं नाही, की मी आता कामच अडवतो. साहेब वैतागतात, हा फार कटकट करतो म्हणतात.

करणारच.