फिनबारची फेरी

फिनबारची थोरली बहीण नोरा आठवडाभर फोनला चिकटून बसली होती. दारू सोडवणारी केंद्रं कॉर्क शहराच्या आसपास बरीच होती, पण त्यांना माणूस महिनाभर आत हवा. संधिवातामुळे नोराला काडी ओढता येत नसे. घरातली शेगडी रोज संध्याकाळी फिनबारच पेटवायचा, प्यालेला असला तरी. शेवटी नदीपलीकडे एक दिवसाचं केंद्र सापडलं. साडेनऊला जायचं, तीनला घरी.

"म्हणजे संध्याकाळी प्यायला मोकळा?" फिनबारने विचारलं.

"चेष्टा पुरे. हे टिकलं नाही, तर मी लिमरिकला पोराकडे जाते. मग बस एकटा शेगडीसमोर."

नोराचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर त्याला धडकी भरली.

पहिल्या दिवशी गोलात बसून लोक आपापलं सांगत होते. फिनबारचं मन बंदरावरच्या पबमध्ये जाऊन बसलं होतं. शुक्रवारी गोदीतून सुटलेले चौघे दोस्त, ओल्या कोटांचा वास, त्यांच्यातल्या मॉसचं बेसूर गाणं. प्रत्येकाने एकेक फेरी पाजायची आणि आपली पाजल्याशिवाय उठायचं नाही, हा तिथला धर्म. चौघांतल्या क्रिस्टीचा बाप एकदा फेरी चुकवून घरी गेला, तर तो विषय त्याच्या मयतालाही निघाला. आता तिघेही दोस्त गेले, दोघे त्याच फेऱ्यांपायी. तरी फिनबारला दारूपेक्षा ते टेबल आठवायचं, आणि आठवलं की रडू यायचं.

इथे कोण होतं आपलं? अकराला सुट्टी झाली तसा त्याने कोट चढवला. पुन्हा यायचं नाही, ठरलं. तोच गोलातलीच ब्रीदा नावाची सत्तरीची बाई ट्रे घेऊन आडवी आली.

"कोट घालून चहा पितोस होय रे? घे."

सवयीने त्याने कप घेतला. दोन घोट पोटात गेले, तेव्हा ती म्हणाली, "आज माझी फेरी."

फिनबारचा हात थांबला. "किती जण आहेत?"

"तुला धरून आठ. रोज एकाची. आज माझ्यापासून सुरुवात, नवा माणूस शेवटी. तुझी पुढच्या शुक्रवारी."

"हे आधी सांगायचं, बाई."

"सांगितलं असतं तर प्यायला असतास?"

फिनबारने तिला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि कोट काढला.

संध्याकाळी तो शेगडी पेटवत असताना नोराने विचारलं, "उद्या जाणार ना?"

"जावंच लागेल. एका बाईचा चहा प्यालोय."

नोराही गोदी कामगाराचीच मुलगी. त्या चहातली फेरी तिला बरोबर कळली; तिने डोळे पुसले.

"तुझी फेरी कधी?"

"पुढच्या शुक्रवारी."

"मग बिस्किटं बरी ने. फेरीच्या बाबतीत आपल्या बापाचं नाव आहे त्या बंदरावर."