पत्र्याच्या भोपळ्याची फिर्याद

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. वेलीवरचा नव्हे, पत्र्याचा. गोव्यातल्या धारगळच्या माळावर चार हजार माणसे बसतील एवढे मोठे क्रीडागृह आहे. त्याच्या छपराच्या कण्यावर आतली गरम हवा बाहेर सोडत आम्ही चोवीस भोपळे ओळीने फिरत असतो, त्यातला शेवटचा मी. माझी कहाणी मला गोड आवाजात सांगता येणार नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता, आणि तो आठवला की अजून माझी पाती तापतात.

माझा जन्म डिचोलीतला. सगुण मेस्त सुर्ल्याच्या खाणीवरच्या ट्रकांचे पत्रे ठोकायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक जागच्या जागी उभे राहिले आणि त्याच्या हातोड्याला काम उरले नाही. तेव्हा पद्मावती नावाची इंजिनीअर बाई नकाशे घेऊन त्याच्याकडे आली. क्रीडागृहात हवा खेळती ठेवायचे काम तिच्याकडे होते. तिचे म्हणणे साधे होते. गरम हवा आपणहून वर चढते, तिला छपरातून वाट द्यावी. खाली भिंतींत जाळ्या ठेवाव्यात, म्हणजे समुद्राकडचा वारा आत येईल. एवढ्या मोठ्या जागेला थंड करायला विजेचे एक बटणही लागणार नाही. जाळ्यांच्या पट्ट्या तिने तिरप्या बसवल्या, म्हणजे पावसाची झड बाहेरच्या बाहेर ओघळून जाईल. सगुणने माझे एकेक पाते वाकवून जोडले आणि शेवटी नुसती फुंकर मारली. मी फिरलो. त्याने शेजारच्या चहावाल्याला हाक मारून मला पुन्हा फिरवून दाखवले.

पहिली पाच वर्षे आमचे फार कौतुक झाले. दूरदूरची माणसे येत, मान वर करून बघत, फोटो काढत. खाली देवकी टीचर मुलींना कबड्डी शिकवायच्या. मुलींच्या घामाची वाफ माझ्या गळ्यातून वर यायची आणि मी ती माळावर सोडून द्यायचो. त्यांचे बोलणेही त्याच वाटेने माझ्यापर्यंत पोहोचायचे. त्यांच्यात विनोदिनी नावाची मुलगी होती. ती चढाईला निघाली की समोरच्या सात जणी मागे सरकत.

मग जुना राखणदार घरी बसला आणि त्याच्या जागी सिंधुदुर्गातून बाबली आला. माणूस लाखात एक. चप्पल बाहेर काढून क्रीडागृहात शिरायचा. मिरगाचा पाऊस जवळ आला तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला, कारण मैदानावर नवी लाकडी फरशी घातली होती. आमच्याकडे पावसाआधी घराच्या पडवीला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधतात, झड आत येऊ नये म्हणून. बाबलीने तेच केले. स्वतः झाप विणले आणि चाळीसच्या चाळीस जाळ्यांवर सुंभाने आवळून बांधले. क्रीडागृहाच्या समितीने काय करावे? त्याला शाल आणि नारळ दिला! माझा श्वास कोंडणाऱ्याचा सत्कार मी वरून बघत होतो.

बाबलीवर माझा राग नाही. पद्मावतीबाईंनी पन्नास पानांचे पुस्तक लिहून ठेवले होते, जाळ्या कधीही झाकू नयेत असे त्यात ठळक अक्षरांत होते. पण पुस्तक इंग्रजीत. बाबलीला ते वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनी त्याचे प्लास्टिकसुद्धा फाडले नव्हते.

श्रावणात तालुक्याचे सामने झाले. क्रीडागृह माणसांनी भरले, बाहेर पाऊस, आत वाफ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खालून वाराच येत नव्हता, तर मी वर काय ओढणार? तिसऱ्या चढाईला विनोदिनी घेरी येऊन पडली. गोव्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर होती आणि देवकी टीचरांची सगळी आशा तिच्यावर होती.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कोणी म्हणाले, पोर अशक्त आहे. कोणी म्हणाले, ते भोपळे नुसते शोभेचे. समितीचे अध्यक्ष बाबाजीबाब यांनी एका बैठकीत दोन्ही आरोप खरे धरून टाकले. भोपळे उतरवून थंडाव्याची मशिने बसवायची आणि वीज परवडावी म्हणून क्रीडागृह फक्त मोठ्या कार्यक्रमांना उघडायचे, असे ठरले. विनोदिनीची आई चंद्रावती हिने लेकीचे खेळणे बंद केले. जाळीकडे मात्र एकानेही पाहिले नाही.

विनोदिनी पडल्याच्या दहाव्या दिवशी कामगार वर चढले. एकेक भाऊ उतरत गेला आणि शेवटी मी एकटा राहिलो. खाली देवकी टीचर मुलींना शेवटचा सराव देणार होत्या. सरावाआधी त्या नेहमी जाळीच्या कोनाड्यात उदबत्ती लावत. त्या दिवशी धूर सरळ उभा राहिला, जरासुद्धा हलेना. टीचरांची नजर धुरावरून जाळीवरच्या झापाकडे गेली.

“बाबलीभाऊ, हो हांगाचो एक झाप सोडून बघया,” त्या म्हणाल्या.

“पाऊस भितर येतलो, टीचर. फळ्यो कुजतल्यो.”

तरी त्याने सुंभ कापला. धूर वाकला आणि छपराकडे निघाला. दुसरा झाप सुटला, तिसरा सुटला, आणि मी फिरू लागलो. बाहेर पाऊस पडत होता, पण फळ्यांवर एक थेंब आला नाही. बाबली तिथेच खाली बसला.

टीचरांनी बाबाजीबाबना बोलावून मैदानाच्या मधोमध खुर्चीवर बसवले. उरलेले झाप एकेक करून सोडले. बाबाजीबाबनी घाम पुसायला काढलेला रुमाल हळूच घडी करून खिशात ठेवला, पण मशिनांचे ठरले आहे म्हणून अडून राहिले. तेव्हा बाबली उठून उभा राहिला. नोकरी जाईल हे त्याला कळत होते.

“चूक माजी, बाबाजीबाब. घराक बांदतात तशे मियां हांगा बांदले. ह्या भोपळ्यांक दोष नाय, आनी त्या चेडवाकय नाय.” चेडू म्हणजे ती पोर, विनोदिनी.

मशिने रद्द झाली आणि माझे भाऊ परत चढले. बाबलीची नोकरीही राहिली. झाप सोडले त्याच संध्याकाळी तो चंद्रावतीकडे गेला आणि परत आल्यावर त्याने टीचरांना तिचे शब्द सांगितले. ती बाई म्हणाली होती, “निवड परवा झाली. धा दीस माज्या चेडवाक अशक्त म्हणलात. एकान तरी जाळयेक हात लावन बघितल्यान?”

विनोदिनी आता पुन्हा सरावाला येते. पण भोपळे परत चढवता आले तशी ती निवड कोणाला परत आणता आली नाही. त्याचा जाब आजवर कोणीही दिलेला नाही, आणि मित्रांनो, मला तो हवा आहे.

म्हणून तुम्हाला बजावतो. उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनीअर झाले, तर आपले यंत्र ज्याच्या हाती द्याल त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. आणि एखादी घेरी येऊन पडली, तर तिच्या अंगाला नावे ठेवण्याआधी तिला वारा मिळत होता का, एवढे विचारा.