केळीतली सावली

असोद्यात ज्योतीचं घर बाहेरून पाहिलं तर वाटावं, ही माणसं काहीतरी लपवतात. खिडक्यांना काळी फिल्म, दाराला जाड पडदा, आणि ऐन उन्हाळ्यात आठ वर्षांची रूपा घरातही पूर्ण बाह्यांचा सनकोट घालून. लपवत कोणी काही नव्हतं. ऊन सगळ्यांच्याच कातडीच्या पेशी बिघडवतं, पण आपलं शरीर तो बिघाड मुकाट्यानं दुरुस्त करतं. रूपाच्या शरीराला ती दुरुस्तीच जमत नाही, जन्मापासून. बिघाड साचत जातो आणि त्याचा कॅन्सर होतो. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा तिचा बाप प्रेमराज ढसाढसा रडला होता. घरी येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, हिला ऊन लागू देणार नाही.

ज्योतीनं त्या हातावर विश्वास ठेवला, बिचारीनं. ती अंगणवाडीत गावाची पोरं सांभाळायला गेली की रूपा प्रेमराजच्या हवाली. दिवस मावळला की ती रूपाला गच्चीवर न्यायची, दिवसभर कोंडलेल्या लेकराला वारा लागावा म्हणून. वर्षभरापासून मात्र रूपा म्हणायची, नको मम्मी, कंटाळा आला. ज्योतीला वाटलं, पोर शहाणी झाली. कसली शहाणी!

या मार्चात रूपाच्या नाकावर मसुराएवढी गाठ आली. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. पहाटे अंधारातच तिघं जळगावला दवाखान्यात आली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गाठ कापताना नाकाचा थोडा भाग जाईल, डोळ्यांचंही बघावं लागेल. मग विचारलं, हिला ऊन लागतंय का? ज्योतीनं ठणकावून सांगितलं, एक दिवस नाही. मॅडम म्हणाल्या, पण गालावरचे डाग तर वाढलेत.

तेवढ्यात ज्योतीची नजर रूपाच्या फ्रॉकच्या काठावर गेली. तिथं केळीच्या चिकाचे तपकिरी डाग होते, कितीही घासा, न जाणारे. शेतातून आल्या आल्या पोरीला उचलून घेतो म्हणून ती वर्षभर नवऱ्यावरच करवादत आली होती.

मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही हिला बागात नेता?"

प्रेमराजची मान खाली गेली. "केळीत कुठं ऊन येतं, ज्योती? भर बारा वाजता अंधारल्यासारखं असतं. सावलीतच बसवायचो."

केळीत जन्म काढलेला माणूस. सावली म्हणजे सावली, एवढंच त्याला ठाऊक. पानांतून झिरपणारं ऊन, मोटरसायकलवरचा दीड किलोमीटरचा रस्ता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ज्योतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसता चुकला असता तर तिनं पोटात घातलं असतं. पण हा माणूस वर्षभर तिच्या हातचं जेवत तिच्या तोंडावर खोटं बोलत होता.

"हिच्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही," ती म्हणाली.

ज्योतीनं रूपाला जवळ ओढलं. निदान ही तरी आपली आहे. "तू तरी सांगायचं ना बाळा. घाबरलीस का पप्पांना?"

रूपानं आधी बापाकडे पाहिलं.

"नाही. मीच पप्पांना शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू नेऊ दिलं नसतं."

ज्योतीचा हात सुटला तशी रूपा बापाकडे सरकली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दिवस मावळेपर्यंत कोणालाच तिथून निघता येणार नव्हतं.