गुरुवारचा बुफे

चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे तिथल्या माणसाचं रविवारच्या जगाशी फारसं जमत नाही. लग्न, बारसं, मेव्हण्याची वास्तुशांत, सगळं रविवारी, आणि हा बिचारा शिफ्टमध्ये. ज्योतीरामने या अन्यायावर इतकी वर्षं फक्त चहा प्यायला होता. पण यंदा त्याच्या लक्षात आलं, की या अन्यायात एक सवलतही दडली आहे. समुद्रकाठची हॉटेलं शनिवारी हिंजवडी-मारुंजीच्या आयटीतल्या पोरांनी भरतात. बुधवारी मात्र तिथे कावळासुद्धा भाव करून राहू शकतो.

ज्योतीराम कंपनीत बाहेरून आलेला माल तपासायचा. खोट काढणं हा त्याचा पगारी धर्म होता आणि घरी तो बिनपगारी पाळायचा. त्याने ॲपवर हॉटेलाचे दर पाहिले, मग ॲप बाजूला ठेवून थेट हॉटेलात फोन लावला. बुधवारची रात्र, समुद्राकडची खोली, सकाळचा नाश्ता धरून. पलीकडच्या बाईंनी दर कमी केला तो कशामुळे, त्याच्या युक्तिवादामुळे की त्याचा फोन संपावा म्हणून, हे कळायला मार्ग नाही.

अडचण हॉटेलाची नव्हतीच. अडचण बायकोची, कौशल्याबाईंची होती. मुलगी स्वप्नाली लग्न होऊन सासरी गेल्यापासून थेरगावातल्या त्या दोन खोल्यांत बोलण्याचे विषय तीनच उरले होते: पाणी आलं का, सिलिंडर कधी लावला, आणि स्वप्नालीचा फोन आला का. गुरुवारी दोघं टीव्हीसमोर बसत आणि टीव्हीच जास्त बोलत असे. ज्योतीरामला याची भीती वाटू लागली होती. दोघांनी मिळून कुठेतरी जायची सवय लावून घ्यावी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आणि औशाकडच्या माहेराहून थेरगावात आलेल्या कौशल्याबाईंनी अजून समुद्र पाहिला नव्हता.

“येते,” त्या म्हणाल्या. “पण एकदाच. वसूल न्हाई झालं तर पुन्हा असलं नाव काढायचं न्हाई.”

घरमालक रोहिदास महिन्यातून दोनदा अख्खं कुटुंब गाडीत घालून कोकणात जायचा, तेव्हा सल्ला त्याचाच घेतला.

“ज्योतीभाऊ, सगळी वसुली बुफेत हाय,” रोहिदास म्हणाला. “आधी डोसा. मग आम्लेट. मग फळं. पोह्याला हात लावायचा न्हाई, पोह्यात पैसा न्हाई. आन आदल्या रात्री जेवायचं न्हाई. भरलेल्या पोटानं बुफेला जाणं म्हंजी राव, मोकळा ट्रक घेऊन परत येणं.”

ज्योतीरामने बुधवारची रजा टाकली आणि पहाटे वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी निघाली. कौशल्याबाईंना बायकांच्या अर्ध्या तिकिटात बसवताना ज्योतीराम त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, की वसुलीला सुरुवात झाली हे त्यांना कळावं. त्यांना कळलं. त्यांनी पदराने तोंड झाकून जांभई दिली.

‘सागरछाया’त त्या दिवशी दुसरं कोणीच उतरलेलं नव्हतं. मालकीण शालनबाई स्वतः काउंटरवर बसून मटार सोलत होत्या. “खोली मोकळीच आहे, थांबता कशाला,” म्हणत त्यांनी दुपारऐवजी सकाळीच किल्ली दिली. ज्योतीरामने आत जाऊन नळ, फ्लश, पंखा, रिमोट आणि खिडकीची कडी तपासली. रिजेक्ट करावं असं काहीच सापडेना, तेव्हा तो जरा खट्टू झाला. शेवटी गादीवर बसून त्याने जाहीर केलं, “माल ठीक आहे.”

संध्याकाळी कौशल्याबाई लुगडं घोट्याच्या वर उचलून लाटेत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं पाणी. आन आमच्या औशाला टँकर.”

हे कौतुक होतं की तक्रार, ते ज्योतीरामला ठरवता येईना. त्याने ते कौतुकाच्या खात्यात टाकलं.

रात्री शालनबाईंनी जेवणाचं विचारलं. ज्योतीराम घाईने म्हणाला, “आम्हाला भूक नाही.” आणि खोलीत येऊन बायकोला रोहिदासचं ट्रकचं शास्त्र समजावलं. कौशल्याबाईंनी त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांना वाटलं असावं. पण हे इतकं ठरवून आलेत, तर सगळं धरूनच ठरवलं असेल, अशा विचाराने त्या गप्प बसल्या. नवऱ्यावर असा विश्वास त्या वर्षातून एकदाच टाकत, आणि दरवेळी चुकीच्या दिवशी.

सकाळी ज्योतीराम आंघोळ करून, भांग पाडून, पोटात कावळे घेऊन खाली आला. दोनच पाहुणे असल्यामुळे बुफे मांडलेला नव्हता. शालनबाई म्हणाल्या, “काय हवं ते सांगा, गरम करून देते.” हे तर बुफेच्याही वर होतं. त्याने रोहिदासच्या क्रमाने सांगितलं: दोन डोसे, आम्लेट, पपई, आणि मग बघू.

“आणि वहिनींना?”

“मला एक केळ,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“केळ?” ज्योतीराम म्हणाला. “अगं, सगळं खोलीच्या पैशांत आहे.”

“असंल. पण आज गुरुवार आहे.”

ज्योतीराम तसाच उभा राहिला. दत्ताचा गुरुवार दोघंही लग्नापासून करत आले होते. दर सुट्टीच्या दिवशी घरात उपासाचीच खिचडी व्हायची. इतकी, की सुट्टी म्हणजे खिचडी हे त्याला पाठ झालं होतं, फक्त ती का होते ते तो विसरला होता. बुधवारची रात्र त्याने बुफेसाठी उपाशी काढली होती. गुरुवार आता देवासाठी काढायचा होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात खोट काढणाऱ्या माणसाने आपला माल न बघताच पास केला होता.

“काल का बोलली नाहीस?”

“मला वाटलं तुमी धरून चालले. रातच्याला पण जेवू दिलं न्हाई, म्हटलं यंदा जास्तच कडक धरलाय.”

तो खुर्चीत बसला. गेलं, त्याला वाटलं. आता पुढच्या गुरुवारी टीव्ही, त्याच्या पुढच्या गुरुवारी टीव्ही.

“देवा,” शालनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “अहो, मग आधी सांगायचं ना. माझाही गुरुवार आहे. पण साबुदाणा कालच संपला, आणि वाण्याकडची गाडी दुपारी येते.”

“साबुदाना आहे,” कौशल्याबाई म्हणाल्या. “रातीच भिजू घातलाय.”

त्या वर गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणावर ‘रुक्मिणीबाई यांजकडून’ असं कोरलेला, लग्नात आलेला डबा. सोबत शेंगदाण्याच्या कुटाची पुडी होती. घराबाहेर रात्र काढायची म्हणजे गुरुवार सोबत बांधून घ्यायचा, एवढं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागले.

“कूट एवढं? अहो वहिनी, खिचडी आहे की लाडू?”

“आमच्याकडं असंच घालतात. तुमचं ते खोबरं राहू द्या बाजूला.”

“ओलं खोबरं नको? कोकणात येऊन?”

“घाला मग. जरासंच. बघू तरी.”

ज्योतीराम बाहेर बसून ऐकत होता. बायको इतकं बोलते, हे त्याला आठवायला वेळ लागला. थाळ्या आल्या तेव्हा तिघं व्हरांड्यात समुद्राकडे तोंड करून जेवायला बसली. कूट होतं, खोबरंही होतं, आणि दोन्ही प्रांत आपलाच विजय झाला असं मानून खात होते.

“आता आवरतो,” ज्योतीराम उठत म्हणाला. “खोली सोडायची वेळ होईल.”

“कोणासाठी सोडता?” शालनबाई म्हणाल्या. “शुक्रवार संध्याकाळपर्यंत इकडे चिटपाखरू येत नाही. तुमच्या एसटीपर्यंत बसा की.”

दुपारी खिडकीतून वारा येत होता. कौशल्याबाई पाच मिनिटं पाठ टेकते म्हणाल्या आणि झोपल्या. ज्योतीरामने बायकोला भर दुपारी झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. गुरुवारी तर त्या त्याचा युनिफॉर्म धुवायच्या. तो खुर्ची ओढून बसला, आणि त्या घोरू लागल्या तेव्हा त्याने पंखा एका नंबरने कमी केला.

उठल्यावर त्या दचकल्या. “कामून उठवलं न्हाई?”

“घाई कुठे होती,” तो म्हणाला.

परतीची एसटी घाट चढून वर आली. वसुलीचं विचारायचा ज्योतीरामला धीर होईना. शेवटी कौशल्याबाईच म्हणाल्या, “त्या बाईंचा डोसा कसा असंल?”

“चांगला असणार.”

“मंगळवारी रातच्याला पोचलं तर बुधवारी सकाळी खाता येईल. गुरुवारी खिचडी हायेच. दोन दिवस रजा मिळंल का तुमाला?”

मिळेल, असं तो शक्य तितक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला. मग पिशवी मांडीवर घेताना त्याला ती हलकी वाटली. त्याने आत हात घातला, पुन्हा घातला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“अगं, डबा राहिला. रुक्मिणीबाईंचा.”

ज्या घरात प्लास्टिकचा डबा शेजारी गेला तरी चार दिवस चौकशी होते, तिथे ही बातमी साधी नव्हती.

“राहिला न्हाई, ठेवलाय,” कौशल्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “त्यांना म्हटलं, असू द्या, आमी येऊन नेऊ.”