किलोमीटर कमी, तास फार

या मित्रांनो, असे जवळ या. मडगार्डला टेकून बसलात तरी चालेल. माझा रंग उडायचा तेवढा उडून झाला आहे, तुमच्या कपड्यांना काही लागायचं नाही. जरा कान इकडे द्या, म्हणजे माझ्या छातीतल्या इंजिनाची गोष्ट सांगते. पहिल्याची सांगते आणि दुसऱ्याचीही सांगते.

मी एक जुनी गाडी आहे. उंच, चौकोनी, चारही चाकांत जोर असलेली. मी नवी होते तेव्हा जाहिरातीत मला डोंगराच्या शेंड्यावर उभी केली होती. प्रत्यक्षात माझ्या नशिबी आल्या मधमाश्या. पण तक्रार नाही हो! ज्याने माशीला पंख दिले त्यानेच मला चाकं दिली, आणि आमची गाठही त्यानेच घालून दिली, असं मी मानते.

माझ्या मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. तिच्याकडे मधमाश्यांच्या साठ पेट्या. जिकडे फुलोरा तिकडे पेट्या न्यायच्या. आधी बदामाच्या बागा, मग सूर्यफुलं, मग डोंगरउतारावरची रानफुलं. माझ्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर पेट्या, आणि जाळीची टोपी घातलेली मावशी स्टिअरिंगवर. बागवाले म्हणायचे, "मावशी, गाडी आहे की घड्याळ?" ते ऐकून मी चढावरसुद्धा गाणं म्हटल्यासारखी पळायचे.

आणि मावशी मला जपायची तरी किती! माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला ती खडूने आकडा लिहून ठेवायची. मीटर त्या आकड्यावर आलं की तेल बदललंच म्हणून समजा. एक किलोमीटर इकडे नाही की तिकडे नाही. अशी सतरा वर्षं गेली. आणि तरीही, बदामाला कळ्या धरल्या त्याच आठवड्यात, एका साध्या चढावर माझी छाती भरून आली, निळा धूर निघाला आणि मी जागीच थांबले.

मावशीच्या धाकट्या भावाने मला दोरीने ओढत गॅरेजात आणलं. मिस्त्रींनी चारही सिलिंडरांचा दाब मोजला आणि मान हलवली.

"दोन गेलेत. तिसरा वाटेवर आहे. हे इंजिन आता उघडून उपयोग नाही, बदलावंच लागेल."

"झालं तर!" भाऊ म्हणाला. "ताई, भंगारवाल्याला फोन कर. फाटक्या शर्टाला नवा खिसा लावून काय मिळणार?"

"तू गप्प बस रे. आठ दिवसांत फुलं उघडतील. पेट्यांतला मध तळाला गेलाय. माझ्या माश्या वेळेवर बागेत पोचल्या नाहीत तर उपाशी मरतील. नवी गाडी काय आठ दिवसांत आकाशातून पडणार आहे?"

"आणि ही वाटेत परत बंद पडली तर? पेट्यांसकट उन्हात?"

मावशीने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. भीती मलाही होतीच, मित्रांनो. मी खरंच बंद पडले असते तर?

तेवढ्यात मिस्त्रींची नजर मीटरवर गेली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, खरं सांगा. हे मीटर कुणी मागे फिरवलंय का? एवढ्याशा किलोमीटरला इंजिन असं झिजत नाही. निदान तिप्पट चाललंय हे."

मावशीचा चेहरा उतरला. सतरा वर्षं खडूने आकडे लिहिणाऱ्या बाईला हे विचारायचं? "मी मधात साखर घालत नाही, मिस्त्री," ती हळूच म्हणाली. "मीटरला कशाला हात लावीन?"

भावाला तेवढ्यातही चेष्टा सुचली. "हिला मीटर काय फिरवता येतंय! हिची चावीसुद्धा एकाच बाजूला फिरते. चालू केली की बंद करायची म्हणून नाही."

मिस्त्री हात पुसता पुसता थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे काय," मावशी सांगू लागली, "पेट्या चढवायच्या तर इंजिन चालू हवं. ते घुमत असलं की माश्या शांत राहतात. बंद केलं की खवळतात. बाबांनी असंच शिकवलं. मग चढवताना दोन तास, उतरवताना दोन, बागवाला उशिरा आला तर तेवढा वेळ..."

"सतरा वर्षं?"

"सतरा वर्षं."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, चाकं उभी असली तरी इंजिन राबतच असतं की! तुम्ही तेल बदललंत किलोमीटर बघून. त्या बिचाऱ्याने काम केलं तासांवर. काळ्या तेलात वर्षानुवर्षं घुमत राहिलं ते."

मावशी मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे मीच मारलं त्याला. एवढं जपून."

मग मिस्त्री हातोडी घेऊन माझ्याखाली शिरले. त्यांनी सांगाड्यावर एका टोकापासून ठोकायला सुरुवात केली. गंजून पोखरलेलं लोखंड भद्द बोलतं, मित्रांनो, आणि एक जरी ठोका भद्द बोलला असता तर माझा निकाल लागला होता. मी जीव मुठीत धरला. खण्ण. खण्ण. खण्ण! टाळ वाजावेत तसा माझा सांगाडा वाजला. मिस्त्रींनी गिअरबॉक्स पाहिला, स्प्रिंगा हलवून पाहिल्या, आणि हसत बाहेर आले.

"शर्ट फाटका नाही, साहेब," ते भावाला म्हणाले. "जे इंजिनाला मारून गेलं त्यानेच बाकीच्याला वाचवलं. ही धावलीच कमी, म्हणून बाकी सगळं धडधाकट आहे. हिच्याच जातीच्या एका गाडीला मागून धडक बसली, तिचं इंजिन माझ्या ओळखीत आहे. इंजिन बसवायचे पाये तेच, वायरी त्याच. भलतं इंजिन बसवायचं असतं तर मीच नको म्हटलं असतं."

"ते किती किलोमीटर चाललंय?" भावाने विचारलं.

"तास विचार, तास!" मावशी फिस्कारली, आणि मग तिघंही हसले.

सहाव्या दिवशी नवं इंजिन सुरू झालं. त्याचा सूर वेगळा होता, मला क्षणभर परकंच वाटलं. मिस्त्रींनी डॅशबोर्डवर तास मोजणारं छोटं मीटर बसवलं. सातव्या दिवशी, उजाडता उजाडता, आम्ही बागेत पोचलो. मावशीने पहिल्या पेटीला कान लावला. आत माश्या संथ गुणगुणत होत्या. तिने हात जोडले आणि पेटीचं तोंड उघडलं. झाडांवर पहिली पांढरी फुलं आली होती.

माझं जुनं इंजिन गॅरेजच्या भिंतीशी ठेवलं आहे. निघताना मावशीने त्याच्यावरून ओढणीने धूळ पुसली होती. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असं असेल. कुठे गेलेलं दिसत नाही, कुठे पोचलेलं दिसत नाही, पण उभ्या जागी दिवसभर राबतं आणि सगळ्यांना शांत ठेवतं. आज घरी गेलात की त्या माणसाजवळ घटकाभर बसा, दमलात का म्हणून विचारा. आणि विचारताना माझ्या त्या जुन्या सोबत्याची आठवण ठेवा.